तुर्कीत नोकरी मिळतेय, पण वर्क परमिट आधी की नंतर?

टेरीटॉवेल

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरचा. टॉवेलच्या कारखान्यात डाइंग-फिनिशिंग बघतो, शिक्षण बी.टेक. टेक्स्टाइल. तुर्कीतल्या डेनिझ्लीहून नोकरीचं बोलणं आलंय. टॉवेल, बाथरोब, बेडशीटच्या धंद्यातल्यांना डेनिझ्लीचं नाव नवीन नाही. कारखाना खरा आहे, त्यांची माणसं इथे येऊन आमचं काम बघून गेलीत, पगाराचंही ठरल्यासारखंच आहे.

अडलंय ते परवान्यापाशी. माझ्या पासपोर्टवर यूकेचा चालू व्हिसा आहे, त्यामुळे तुर्कीचा ई-व्हिसा मला घरबसल्या मिळतो. तिकडचे एचआरवाले म्हणतात, "ई-व्हिसावर या, कामाला लागा, परमिट इथे आल्यावर आठ-पंधरा दिवसांत करून टाकू." घरचे म्हणतात, कागद हातात आल्याशिवाय हलू नकोस. बायको डेंटिस्ट आहे, मुलगी दुसरीत. इथली नोकरी सोडून जायचं तर पाय ठेवायला जागा पक्की हवी.

तिथे राहिलेल्यांनी किंवा राहत असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं. ऐकीव नको, अनुभवाचं हवं.

बॉस्फरसकाठी

घरचे बरोबर सांगताहेत. ई-व्हिसावर जाऊन कामाला लागू नका. मी इस्तंबूलमध्ये एका कंपनीत परदेशी कर्मचाऱ्यांचीच कागदपत्रं बघते, त्यामुळे जरा लांब लिहिते.

भारतीयांना मिळणारा ई-व्हिसा ३० दिवसांचा, एकदाच प्रवेशाचा आणि फिरण्यापुरता असतो. तो हातात घेऊन तुर्कीतून वर्क परमिटचा अर्ज करता येत नाही. देशातून अर्ज करायला किमान सहा महिन्यांचा रहिवास परवाना लागतो, त्याला इथे इकामेत म्हणतात. म्हणजे "आल्यावर करून टाकू" याचा अर्थ एकतर एचआरला नियम माहीत नाही, किंवा माहीत आहे आणि तोवर तुमच्याकडून विनापरवाना काम करून घ्यायचंय. दोन्हीत नुकसान तुमचंच. पकडलं गेल्यास दंड कंपनीलाही होतो आणि कामगारालाही, पण देशाबाहेर काढतात ते कामगाराला. पुन्हा येण्यावर बंदीही लागू शकते.

सरळ रस्ता असा आहे. सही केलेलं नोकरीचं पत्र किंवा करार घेऊन तुम्ही मुंबईच्या तुर्की वाणिज्य दूतावासात कामाच्या व्हिसाचा अर्ज करायचा. तिथून १६ आकडी संदर्भ क्रमांक मिळतो. तो कंपनीला त्याच दिवशी पाठवा, कारण तिथून पुढे १० कामकाजाच्या दिवसांत कंपनीने कामगार मंत्रालयाच्या ऑनलाइन प्रणालीवर तिचा अर्ज टाकायचा असतो. तो टाकला नाही तर तुमचा मुंबईतला अर्ज वाया गेला. कागद पूर्ण असतील तर मंत्रालयाने ३० दिवसांत निर्णय द्यावा असं कायद्यात आहे. त्रुटी काढली की मोजणी लांबते. मंजुरी आली की शुल्क भरायचं, मग दूतावास व्हिसा देतो आणि तुम्ही विमानात बसता.

हे सगळं २०१६ च्या ६७३५ क्रमांकाच्या कायद्याखाली चालतं. त्यातली तुमच्या फायद्याची गोष्ट म्हणजे वर्क परमिट हाच रहिवास परवानाही असतो. तो असेपर्यंत वेगळं इकामेत काढावं लागत नाही.

आता खरी मेख. अर्ज कंपनी करते. परवाना तुमच्या नावाचा असला तरी तो त्या कंपनीला आणि त्या कामाला बांधलेला असतो. म्हणून तुमच्या डिग्रीइतकीच कंपनीची पात्रता तपासली जाते. सर्वसाधारण नियम एका परदेशी माणसामागे पाच तुर्की नागरिक कामाला असण्याचा आहे, आणि ते त्याच ठिकाणी, विम्यावर नोंदलेले. भांडवल किंवा उलाढालीची अटही असते. मोठ्या कारखान्याला हे जड जात नाही, पण त्यांच्याकडे आधीच किती परदेशी आहेत ते विचाराच. पाचाचं गणित भरलेलं असेल तर तुमचा अर्ज तिथेच अडकेल.

चिंचगुळाची_आमटी

उत्तम प्रतिसाद. हा धागा वर राहू द्या, खूप जणांना उपयोगी पडेल.

कऱ्हाकाठ

थोडं वेगळं मत. माझा मावसभाऊ पर्यटनाचं इकामेत काढून इस्तंबूलमध्ये राहिला, तिथे नोकरी शोधली आणि तिथूनच परमिट झालं. म्हणजे आत जाऊन होत नाही असं नाही.

बॉस्फरसकाठी

@कऱ्हाकाठ, होत होतं, आणि कायद्याने आजही बंद नाही. पण ते साल कुठलं ते विचारा. २०२२ पासून वारं बदललंय. ज्या मोहल्ल्यात परदेशी रहिवाशांचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं, तो मोहल्ला नव्या परदेशी नोंदणीला बंद झाला. असे हजारावर मोहल्ले आहेत. इस्तंबूलमधलं फातिह आणि एसेन्यूर्त, जिथे स्वस्तात घर मिळायचं आणि आपली माणसं आधी तिथेच जायची, ते अख्खे तालुके बंद आहेत. पत्ता नोंदला जात नाही म्हणजे इकामेत नाही, इकामेत नाही म्हणजे देशातून परमिटचा अर्ज नाही. शिवाय नुसतं फिरायला म्हणून पहिल्यांदा केलेले अर्ज सर्रास नाकारले जातात. आणि इकामेत मिळालं तरी परमिट येईपर्यंत एक दिवसही काम करायची मुभा नाही. घरभाडं आणि खाणंपिणं खिशातून. ज्याच्या हातात पक्की ऑफर आहे त्याने हा उलटा फेरा का घ्यावा?

गुलाबजल

इझ्मीरहून लिहितेय. मी इथे एका खाजगी शाळेत शिकवते. शिक्षकांसाठी आणखी एक पायरी असते ती सांगते, कारण नेहमी कुणीतरी विचारतंच. शाळेत शिकवायचं तर शिक्षण मंत्रालयाची पूर्वपरवानगी आधी लागते, विद्यापीठात शिकवायचं तर उच्च शिक्षण परिषदेची, म्हणजे योकची. आरोग्याच्या कामांना आरोग्य मंत्रालयाची. ती आली नाही तर कामगार मंत्रालय पुढे सरकत नाही.

टेरीटॉवेल, तुम्हाला एक सांगते. पोचल्यावर परदेशी ओळख क्रमांक मिळेल, ९९ ने सुरू होणारा. तो मिळाला की पीटीटीच्या, म्हणजे पोस्टाच्या, कार्यालयात पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड घेऊन जा आणि ए-देवलेतचा पासवर्ड घ्या. ए-देवलेत हे इथलं सरकारी संकेतस्थळ. त्यात एसजीकेचा, म्हणजे सामाजिक विम्याचा उतारा निघतो. कुठल्या महिन्यात किती दिवसांचा हप्ता भरला आणि कुठल्या पगारावर भरला, हे ओळीने दिसतं. महिना संपला की तो उतारा उघडायचाच. ३० च्या जागी १२ दिवस दिसले, किंवा ठरल्यापेक्षा कमी पगार दिसला, तर त्याच आठवड्यात विचारायचं. माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणींना हे वर्षभराने, परमिट वाढवायच्या वेळी कळलं, तोवर उशीर झालेला होता. मंत्रालय वाढीव परमिट देताना हेच आकडे बघतं.

टेरीटॉवेल

मनापासून आभार. एका दिवसात एवढं कळेल असं वाटलं नव्हतं.

तीन प्रश्न. एक, एचआर म्हणतात की अर्जात मला "इंजिनिअर" दाखवायचं की "फिनिशिंग स्पेशालिस्ट" ते अजून ठरायचंय. याने काय फरक पडतो? दोन, बायकोला तिथे दातांची प्रॅक्टिस करता येईल का? तीन, तिला आणि मुलीला माझ्यासोबतच नेता येईल का?

बॉस्फरसकाठी

पहिल्याचं उत्तर देते. फरक बराच पडतो, आणि ते तुम्ही ठरवायला हवं, नुसतं एचआरने नाही.

इंजिनिअर म्हणून अर्ज केला तर तुमच्या डिग्रीची समकक्षता योककडून घ्यावी लागते. त्याला देनक्लिक म्हणतात. यात विषय, तास, विद्यापीठ सगळं तपासतात, कधी जादा परीक्षा लावतात, आणि वेळ भरपूर जातो. पगाराचीही किमान पातळी आहे. इंजिनिअरला अर्जाच्या वेळच्या ढोबळ, म्हणजे कपातीआधीच्या, किमान वेतनाच्या चौपट पगार दाखवावा लागतो. २०२५ चं ढोबळ किमान वेतन २६,००५.५० लिरा होतं, म्हणजे त्या वर्षी चौपट झाले १,०४,०२२ लिरा. किमान वेतन साधारणपणे दर जानेवारीला वाढतं, तेव्हा अर्ज कराल त्या वर्षीचा आकडा बघून घ्या.

कौशल्याच्या कामासाठी, म्हणजे स्पेशालिस्ट म्हणून, पट कमी आहे आणि देनक्लिकची भानगड सहसा येत नाही. म्हणून बहुतेक कारखाने तोच रस्ता धरतात. त्यात गैर काही नाही, तुमचं प्रत्यक्ष काम तेच असेल तर. मात्र मग इंजिनिअर म्हणून सही करायची नाही, व्हिजिटिंग कार्डावरही तसं छापायचं नाही. आणि करारातला पगार, अर्जातला पगार आणि बँकेत येणारा पगार हे तिन्ही एकच असले पाहिजेत. "थोडा बँकेत, थोडा हातात" असं कुणी सुचवलं तर तिथेच नकार द्या. हातातल्या पैशावर विमा नाही, नोकरी सुटल्यावरची भरपाई त्यावर मोजली जात नाही, आणि परमिट वाढवताना तोच खोटेपणा तुमच्या गळ्याशी येतो.

अंकाराकर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जीवावर येतंय, पण स्पष्ट सांगितलेलं बरं. दंतवैद्यक तुर्कीत फक्त तुर्की नागरिकांसाठी राखीव आहे. तशीच यादी आहे: औषधनिर्माते, पशुवैद्य, वकील, नोटरी, पर्यटक मार्गदर्शक. एमबीबीएस, एमडी झालेल्या परदेशी डॉक्टरांना २०११ पासून खाजगी रुग्णालयांची दारं उघडली, अटी आहेत, पण उघडली. डेंटिस्टना नाही. देनक्लिक मिळालं तरी नागरिकत्वाची अट उरतेच.

वहिनींनी हे तिथे जाऊन कळून घेण्यापेक्षा आत्ताच समजून घ्यावं. माझ्या पत्नीने इथे येऊन तिचं क्षेत्र सोडलं. सुरुवातीची दोन-एक वर्षं घरात जी शांतता असायची ती मी विसरलेलो नाही. हा निर्णय दोघांचा असू द्या.

वाट अगदीच नाही असं नाही. इस्तंबूल, अंताल्या, इझ्मीरला दातांच्या उपचारांसाठी परदेशी रुग्ण मोठ्या संख्येने येतात. त्या दवाखान्यांना इंग्रजी बोलणारे आणि दातांचं कळणारे समन्वयक लागतात. त्या कामाचं परमिट निघू शकतं. फक्त रुग्णाच्या तोंडात हात घालायचा नाही, आरसा धरून बघायचंसुद्धा नाही. दवाखान्याचा मालक "जरा बघून द्या ना" म्हणेल, तेव्हाही नाही. डेनिझ्लीत अशी कामं कमी, हेही लक्षात घ्या.

गुलाबजल

तिसऱ्याचं मी सांगते. कुटुंबासाठी कौटुंबिक इकामेत असतं, प्रायोजक तुम्ही. तुमचं उत्पन्न किमान वेतनाहून कमी नको आणि घरातल्या प्रत्येक माणसामागे किमान वेतनाच्या एक तृतीयांश तरी हवं, तुमच्या पगारात ते सहज बसेल. त्या इकामेतवर वहिनींना आपोआप काम करता येत नाही. त्यांना नोकरी मिळाली की त्यांच्या मालकाने त्यांच्यासाठी स्वतंत्र परमिटचा अर्ज करायचा.

माझा सल्ला, आधी तुम्ही एकटे जा. घर बघा, आणि भाडेकरार करण्याआधी त्या मोहल्ल्यात परदेशी नोंदणी चालू आहे का ते विचारा. पत्ता नोंदवून कार्ड हातात घ्या, मग दोघींना न्या. मुलीची शाळा सप्टेंबरात सुरू होते, त्या हिशोबाने आखा.

किबोर्डवारी

जरा वेगळा प्रश्न, पण जवळचा. मी पुण्याच्या कंपनीसाठी घरून काम करतो. तुर्कीने डिजिटल नोमॅडसाठी, म्हणजे कुठूनही ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठी, व्हिसा काढलाय म्हणे. त्यावर अंताल्याला जाऊन राहिलं तर परमिटची कटकटच नाही ना?

अंकाराकर

तो २०२४ मध्ये सुरू झाला. वय २१ ते ५५, महिन्याला किमान ३,००० डॉलर उत्पन्न, पदवी, अशा अटी आहेत. पण तो ठरावीक देशांच्या नागरिकांनाच आहे, म्हणजे युरोपीय संघ, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, रशिया, युक्रेन वगैरे. भारत त्या यादीत नाही. त्या नावाखाली कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

मिरीलवंग

एजंटांचा विषय निघालाच आहे तर लिहितो. माझा आतेभाऊ रत्नागिरीचा, कुक आहे. अंताल्याच्या बाजूला एका हॉटेलात भारतीय लग्नांच्या सीझनसाठी त्याला नेलं. मुंबईत एजंटने "वर्क व्हिसा" म्हणून भरपूर पैसे घेतले आणि हातात ठेवला ई-व्हिसा. त्यावर छापलेलं वाचणार कोण? हॉटेलात पोचल्यावर सुपरवायझरने नोंदणीसाठी म्हणून पासपोर्ट मागून घेतला. पहिला महिना "परमिट प्रोसेसमध्ये आहे", दुसरा महिना "अंकाऱ्याहून यायचंय". पोरगा पहाटेपासून रात्रीपर्यंत तंदूरपाशी उभा. पगार अर्धा, तोही रोख.

त्याला कुणीतरी सांगितलं की खरं परमिट असेल तर ९९ चा क्रमांक असतो आणि सरकारी साइटवर विमा दिसतो. त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. शेवटी इस्तंबूलच्या भारतीय वाणिज्य दूतावासाशी संपर्क केला, पासपोर्ट परत मिळाला, पोरगा घरी आला. पैसे गेले ते गेले. मुदत उलटून राहिल्याचा दंड भरावा लागला तो वेगळाच.

त्याच्यासारख्या पोरांपर्यंत हे पोचलं पाहिजे म्हणून लिहिलं. सोलापूर असो की रत्नागिरी, ज्याला इंग्रजीही जेमतेम येतं त्याला हे कोण सांगणार?

बॉस्फरसकाठी

मिरीलवंग, हे वाचून फार वाईट वाटलं. असे किस्से सीझनमध्ये कानावर येतातच.

इथे दोन फोन नंबर लिहून ठेवते. १५७ हा परदेशी नागरिकांसाठीचा, तिथे इंग्रजीत बोलता येतं. १७० हा कामगार मंत्रालयाचा, पगार, विमा, मालकाची तक्रार यासाठी. आणि पासपोर्ट कुणालाही ठेवायला द्यायचा नाही. हॉटेल असो, कारखाना असो, फोटोकॉपी काढा आणि समोर परत घ्या. खरी कंपनी असेल तर तिला अर्जासाठी पासपोर्टची स्कॅन केलेली प्रत पुरते.

चिंचगुळाची_आमटी

परमिट मिळाल्यावर नोकरी बदलायची असेल तर? किंवा कंपनीनेच काढलं तर?

बॉस्फरसकाठी

परमिट त्या कंपनीपुरतं, म्हणून नव्या कंपनीने नवा अर्ज करायचा आणि तो मंजूर झाल्यावरच तिथे रुजू व्हायचं. नोकरी सुटली की जुन्या कंपनीने १५ दिवसांत मंत्रालयाला कळवायचं असतं. त्यानंतर तुमच्या रहिवासाचा आधारही जातो, तेव्हा राजीनामा देण्याआधी पुढची सोय लावा. रागाच्या भरात सोडून आलेल्यांची फार धावपळ होते.

पहिलं परमिट जास्तीत जास्त एक वर्षाचं. त्याच मालकाकडे वाढवलं तर पुढे दोन वर्षांपर्यंत, मग तीन. आठ वर्षं कायदेशीर काम झालं की कायमच्या परमिटसाठी अर्ज करता येतो. वाढीचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करायचा. मुदत उलटली की वाढ नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कंपनीचा हिशेबनीस, म्हणजे माली मुशावीर, बहुतेक ठिकाणी हे बघतो, आणि त्याच्याकडे असे पन्नास क्लायंट असतात. तारीख तुमच्या फोनमध्ये असू द्या.

अर्ज नाकारला गेला तर कळवल्यापासून ३० दिवसांत मंत्रालयाकडेच हरकत नोंदवता येते. नकाराचं कारण कागदांतल्या त्रुटीचं असेल तर पुष्कळदा त्यावर मार्ग निघतो.

टेरीटॉवेल

काल एचआरशी सविस्तर बोललो. ई-व्हिसावर येणार नाही हे स्पष्ट सांगितलं. ते आधी जरा नाराज झाले, मग त्यांच्या माली मुशावीरला फोनवर घेतलं. तो म्हणाला, संदर्भ क्रमांक पाठवा, मी दुसऱ्या दिवशी टाकतो, याआधी एका इजिप्शियन माणसाचं असंच केलंय. परदेशी किती आहेत तेही विचारलं, संख्येची अडचण नाही. पद "फिनिशिंग स्पेशालिस्ट", पगार पूर्ण बँकेत, हे करारात लिहून देणार आहेत.

बायकोशीही बोलणं झालं. अंकाराकरांचा प्रतिसाद तिने स्वतः वाचला. पहिलं वर्ष ती सोलापुरातच दवाखाना चालवणार, मी एकटा जाणार. वर्षभरानंतर दोघं मिळून ठरवू.

आता कागदांचं तेवढं सांगा.

गुलाबजल

डिग्रीवर आधी राज्य सरकारची मोहोर, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का. तुर्की भाषांतर तुर्कीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून नोटरीचा शिक्का घ्यायचा, हे कंपनी करून देईल. मूळ कागद कुरिअरने पाठवू नका, आधी स्कॅन पाठवून काय काय लागतं ते लेखी मागवा. पासपोर्टची मुदत परमिटच्या मुदतीपुढे किमान ६० दिवस तरी हवी, नाहीतर परमिट तेवढं कमी काळाचं मिळतं. तुमचा पासपोर्ट संपत आला असेल तर आधी नवा काढा.

आणि नाव! आपल्याकडे डिग्रीवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, काही विद्यापीठांत आईचंही. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. तुर्की यंत्रणा पासपोर्ट जसा आहे तसा उतरवते. करार, अर्ज, विमा, बँक, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव अक्षर न अक्षर तेच ठेवा. माझ्या बँक खात्यात मधलं नाव गाळलं गेलं होतं, तर शाळेचा पहिला पगार परत गेला.

वहिनी पुढे येतील तेव्हा विवाह नोंदणीच्या दाखल्याला अपोस्टिल लागेल, आणि मुलीच्या जन्मदाखल्यालाही. ते आत्ताच, तुम्ही सोलापुरात आहात तोवर करून ठेवा. वहिनींचं पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर विवाहाच्या दाखल्यावर तेच आहे का ते बघा.

टेरीटॉवेल

पासपोर्टवर माहेरचंच आहे, दाखल्यावर सासरचं. उद्याच महापालिकेत जाऊन विचारतो.